कावळ्याला दिलेला शब्द

बाबा, मोप्याच्या माळावर आता विमानतळ झाला आहे. काजूच्या हंगामात तुम्ही आम्हाला बोंडं गोळा करायला न्यायचात, तिथेच. विमानं आपल्या माडांवरून उतरतात, इतकी खाली येतात की चाकं दिसतात. सुरुवातीला आई आत जाऊन बसायची. आता ती बोलता बोलता नुसती थांबते आणि आवाज गेला की राहिलेलं वाक्य पुरं करते. मलाही काही होत नाही. मी वर बघते आणि पुन्हा भाजी चिरायला घेते.

तुम्ही गणपतीच्या चवथीला येणार होता. आईने खतखत्याच्या भाजीसाठी तेफळं वाळवून ठेवली होती. आखातातून निघालेलं तुमचं विमान उतरता उतरता, धावपट्टीच्या जरा अलीकडे पडलं. घरी आली ती खिळे ठोकलेली पेटी. उघडू नका, असं बरोबरच्या माणसाने सांगितलं, म्हणून तुमचा चेहरा कोणीच पाहिला नाही. मला आठवतं ते बाराव्याचं. परसात फणसाखाली पान वाढून ठेवलं आहे आणि आम्ही सगळी पडवीत उपाशी, कारण कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. कावळा कुंपणावर बसून आहे, खाली येत नाही. तुमची काही इच्छा राहिली असेल, भटजी म्हणतात. काका पुढे होतात. "पोरांक शिकयतलंय." कावळा हलत नाही. "घर पुरा करतलंय." तरी नाही. मग आई उठली. तिने हात जोडले. "माज्या पोरांक कधी विमानात बसूक दिवचंय ना. आता शिव." कावळा उतरला, वड्याचा तुकडा घेऊन गेला. काका हुंदके देऊन रडले. मी जेवले, दोनदा भात घेतला.

तो शब्द आम्ही पाळला. तुमचा मुलगा दिल्लीला जातो तोही रेल्वेने, कचेरीत सगळे त्याला हसतात. पण शब्द आम्हा भावंडांपुरता होता आणि माझी मुलगी लग्न होऊन आखातातच गेली, तुमच्याच वाटेने. तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आले आहेत, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हटलंय, आणि तिथे रेल्वे जात नाही. महिनाभर मी आईला 'विमानाने जाऊ का' म्हणून विचारायचं टाळलं. परवा विचारलं. ती आदोळीवर बसून नारळ किसत होती. वरून विमान गेलं, ती थांबली. आवाज गेल्यावर म्हणाली, "कावळो भुकेलो आसलो गो. तितकेंच. तू जा. चेडवाक आवय जाय." मुलीला आई हवी, एवढंच सांगून ती पुन्हा किसू लागली. इतकी वर्षं तिनेच तो शब्द धरून ठेवला होता. मला तिची दया आली. रडू मात्र आलं नाही.

कोकमाची सोलां, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू, सगळं बांधून झालंय. हे पत्र आईच्या पानाच्या डब्याखाली ठेवते. तिला वाचता येत नाही, तेव्हा तिथेच बरं. सकाळी फणसाखाली पान वाढलं. कावळा कुंपणावर होता. तो शिवला की नाही, ते मी पाहिलं नाही बाबा, आत येऊन मागचं दार लावून घेतलं. का थांबले नाही असं कोणी विचारलं तर विमानतळावर न्यायची गाडी आली होती म्हणून सांगेन. गाडी यायला अजून पुष्कळ वेळ आहे.