अकरावी जुडी

आसनगाव,
गुरुवार (कापणी आटोपत आलेली)

तीर्थरूप कुंडलिकमामा यांच्या पायांवर, उजव्या गुडघ्याला धक्का न लावता, भाचा संदेश याचा नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? मामी लावतात ते तेल लागू पडतंय का, की नुसता घरभर वास? मामींना माझा नमस्कार सांगा आणि लिंबाचं लोणचं संपलं हेही सांगा. फोन असताना हा भाचा पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला अडवता आणि मग मी तिसरं विसरतो. पत्राला मध्येच अडवता येत नाही. शिवाय सांगायची गोष्ट एवढी आनंदाची आहे की ती घाईत सांगून वाया घालवायची नाही. (तिच्यात थोडा भाग बसून ऐकण्यासारखाही आहे. तो अगदी शेवटी घेतो.)

मामा, आमच्या शाळेतली मुलं वाचायला लागली! मुलंच काय, डोळखांबच्या पलीकडचा आख्खा पाडा वाचायला लागलाय, आणि ज्यांना वाचता येत नाही ते वाचणाऱ्याला पाणी नेऊन देतायत. हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण दुसरं कोणी म्हणालं तर अडवणारही नाही. झालं असं, की जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका नम्रता मॅडम यांनी ग्रंथालयाची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. मी म्हटलं, मॅडम, माझा आणि पुस्तकांचा संबंध लेझीम आणि खो-खोच्या नियमांपुरता. त्या म्हणाल्या, कपाट जड आहे, सरकवायला तुम्हीच बरे. आमचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. ते उघडलं तर आत चारशे पुस्तकं, सगळी कोरी करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. आधीच्या सरांकडे ते कपाट चौदा वर्षं होतं. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्यांची, म्हणून त्यांनी चौदा वर्षांत कुणालाच पुस्तक दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी एकही पुस्तक न हरवल्याबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला. (नारळ मीच आणला होता.)

मग नववीला आठवड्यातून दोन वाचनतास सुरू केले. मला शिस्तीशिवाय काही सुचत नाही. त्यामुळे शिट्टी वाजली की पुस्तक उघडायचं आणि शिट्टी वाजली की पान उलटायचं, असा नियम केला. अडतीस मुलं पुस्तकामागे तोंड लपवून बसायची आणि मला वाटायचं, काय रंगलेत वाचनात! एकदा मागून फिरून पाहिलं तर सहा जणांची पुस्तकं उलटी आणि दोघांचे डोळे मिटलेले. खरी मागणी एकाच पुस्तकाला होती, कुक्कुटपालनाच्या, कारण त्यात कोंबड्यांची रंगीत चित्रं होती. महिनाभरानं मी वैतागून वर्गाला भाषण दिलं. पुस्तकांनी माणूस घडतो वगैरे, पंधरा ऑगस्टला बोलतो तसं. भाषण संपल्यावर तिसऱ्या बाकावरची मनस्वी उभी राहिली. गरीब गाय दिसणारी मुलगी, पण तिनं विचारलं, "सर, तुमी स्वतः कुठलं पुस्तक वाचलंय?"

मामा, मी उद्या दाखवतो म्हणालो आणि घरी येऊन पुस्तक शोधायला लागलो. घरात रेल्वेचं वेळापत्रक, पंचांग आणि एक जुनी कादंबरी, एवढंच निघालं. कादंबरी घेऊन गेलो. तिचं नाव आत्ता महत्त्वाचं नाही. भर दुपारी एक बस स्थानकातून सुटते, तेवीस उतारू आणि एक कोंबड्यांची पाटी घेऊन, आणि पुढच्या थांब्यावर पोचतच नाही. मध्ये रस्ता एकच, फाटा नाही, दरी नाही, अपघात नाही. बस गेली कुठे? (तुम्हाला ऐकल्यासारखं वाटेल. बस हरवण्याच्या गोष्टी पुष्कळ असतात, तेव्हा पुढे वाचा.) मी उभा राहून पहिली चार पानं मोठ्यानं वाचली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. खिचडीचा वास वर्गात आला. एकही मूल उठलं नाही. मामा, पंधरा वर्षांच्या नोकरीत खिचडी सोडून माझ्याकडे बघणारी मुलं मी पहिल्यांदा पाहिली, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

आता पंचाईत अशी, की पुस्तक एक आणि मुलं अडतीस. सगळ्यांना ते घरी हवं. त्यावर मला जी युक्ती सुचली ती भातशेतीच्या गावातच सुचेल. राबात रोप वाढलं की ते उपटून त्याच्या जुड्या बांधतात आणि एकेक जुडी शेतातल्या एकेका चोंढ्यात फेकतात, म्हणजे लावणारे हात रिकामे राहत नाहीत. मी पुस्तकाची शिवण उसवली. सोळा-सोळा पानांच्या बरोबर अकरा जुड्या निघाल्या. त्या सुतळीनं बांधल्या आणि वाटल्या. दर सोमवारी मी शिट्टी वाजवायची आणि जुड्यांची अदलाबदल व्हायची. अकरावी जुडी तेवढी शाळेत माझ्या कपाटात, कारण शेवट आधी कुणी वाचायचा नाही. पण क्रम कुणालाच नीट मिळेना. कुणाला तिसरी जुडी आधी, कुणाला सातवी. त्यामुळे पोरं एकमेकांच्या घरी जाऊन मधलं काय झालं ते विचारायला लागली. प्रणयनं पाचवी जुडी तीन वेळा वाचली, कारण त्याला चौथी मिळेना आणि सहावीवाला सांगेना. मी मैदानावर गेलो की खो-खो बाजूला आणि सगळे बसची चर्चा करतायत. हे सगळं बघून मला एवढा उत्साह आला की मी घरी जेवताना बायकोला पण शिट्टी वाजवून वाढायला सांगितलं. (ती शिट्टी अजून सापडलेली नाही.)

मग कापणी आली आणि वर्ग अर्धा झाला. घरोघरची पोरं विळे घेऊन शेतात. जुड्याही त्यांच्याबरोबर गेल्या. मी मनस्वीच्या शेतावर गेलो. तिचा बाप जगन आणि आजी सकुबाई कापत होते. मी म्हटलं, हिला तासभर वाचू द्या. जगन म्हणाला, हात कमी पडतात. तेव्हा मी सावड घातली. तुमच्याकडे आहेच ही रीत, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मला शेत नाही, म्हणून ठरलं की मी तासभर भात कापायचं आणि त्याच्या बदल्यात मनस्वीनं पोरांकडून जुड्या क्रमानं मागवून बांधावर बसून तासभर मोठ्यानं वाचायचं. मामा, मी जिल्हा पातळीवर लांब उडी मारलेला माणूस, पण विळ्यानं दहा मिनिटांत मला नमवलं. करंगळी कापली, कंबर धरली, आणि मी कापलेल्या ओळीकडे बघून सकुबाईनं विचारलं, की इथे रानडुक्कर शिरलं होतं का. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, तुमी बांधावर बसा नि वाचा. पोरीला कापू द्या. भात तरी वाचंल." पण सावड ती सावड, मी हटलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातले लोक आपणहून कापत कापत आमच्या बांधाजवळ आले, ऐकू यावं म्हणून. चौथ्या दिवशी झोडणी सुरू झाली तेव्हा खळ्यावर साठ माणसं. आणि प्रत्येकाचा संशय वेगळा! सकुबाईचा कंडक्टरवर, कारण तो पहिल्याच पानावर विनाकारण हसतो. जगनच्या मते त्या कोंबड्यांच्या पाटीत कोंबड्या नव्हत्याच. देवजी नावाचा एक गृहस्थ आहे, प्रणयचा बाप, तो तर मोटारसायकल काढून खरंच गोष्टीतल्या त्या रस्त्यावर जाऊन आला आणि तिथल्या वडाच्या मागे बस मावते की नाही ते पावलांनी मोजून आला. (मावते, पण टप दिसतो.) दहाव्या जुडीच्या शेवटच्या ओळीला ड्रायव्हरची बायको दार उघडते आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला बघून तिच्या हातातली घागर पडते. दारात कोण, ते अकराव्या जुडीत. खळ्यावर कुणी हलेना. मी म्हटलं, उद्या आणतो.

इथे मामा, जरा बसा. अकरावी जुडी मी त्याच संध्याकाळी कपाटातून काढून देवजीच्या घरी ठेवायला दिली, कारण दुसऱ्या दिवशीचं खळं त्याच्या दाराशी होतं. देवजी फार जबाबदार माणूस. कापणीच्या दिवसांत घरात उंदीर आणि दारात बकऱ्या, म्हणून जपायची वस्तू तो जिथे ठेवतो तिथेच त्यानं ती ठेवली, पेंढ्याच्या भाऱ्यात, मधोमध खुपसून. आणि पहाटे त्याच्या भावानं पेंढा ट्रकवर चढवून कल्याणच्या एका तबेल्याला धाडला. आम्ही दोघं मोटारसायकलवरून मागे गेलो. तबेल्यात दोनशे म्हशी. तबेलेवाल्याला मी म्हटलं, तुमच्या पेंढ्यात आमचा शेवट आहे. त्यानं मला आधी पाणी दिलं आणि मग दूर उभं केलं. दोन तास उपसाउपस केल्यावर सुतळीचा तुकडा तेवढा सापडला, एका म्हशीच्या पुढ्यात. ती शांतपणे रवंथ करत होती. दारात कोण होतं, हे आज पृथ्वीवर फक्त तिला ठाऊक आहे.

पण घाबरू नका. परत येऊन मी खळ्यावर जाहीर केलं, की मला शेवट तोंडपाठ आहे आणि रविवारी सकाळी दहा वाजता मी तो सांगणार. टाळ्या पडल्या. रविवारच का, तर सोमवारी जगनचं आणि आणखी सहा घरांची बिऱ्हाडं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघतायत. टेम्पो ठरलाय. पोरं बरोबर जाणार, म्हणजे माझ्या वर्गातली नऊ मुलं आता पाऊस लागेपर्यंत दिसायची नाहीत. त्यातली परत किती येतात, हे दरवर्षी जूनलाच कळतं. मला एवढंच वाटतं मामा, की आयुष्यातलं पहिलं पुस्तक त्यांनी अर्धं टाकून जाऊ नये. एकदा शेवटापर्यंत पोचलेलं मूल दुसरं पुस्तक मागतं, निदान मनस्वी तरी मागेलच. अर्धवट सोडलेलं मूल मात्र पुस्तकं अशीच असतात, असं धरून चालेल.

बाकी सर्व ठीक. थंडी पडायला लागलीय, गुडघा झाकून ठेवा. मामींना पुन्हा एकदा नमस्कार आणि लोणच्याची आठवण.

तुमचा शिट्टी हरवलेला भाचा,
संदेश

ता. क. १ : कादंबरीचं नाव राहिलं. 'सव्वाबाराची गाडी', लेखक कुंडलिकमामा. होय, तुमचीच, लग्नात तुम्ही मला दिलेली. मी ती उसवली, याबद्दल तुम्ही मला काय बोलाल ते मी आत्ताच स्वतःला बोलून घेतलं आहे. पहिलं पान तेवढं जपून ठेवलंय, त्यावर तुमची सही आहे आणि खाली लिहिलंय, 'चि. संदेश, वाचून कळव.' मामा, अकरा वर्षांनी कळवतोय. फार चांगलं लिहिलंय तुम्ही.

ता. क. २ : शेवट तोंडपाठ आहे, हे खोटं. अकरा वर्षांत दर दिवाळीला मी तुम्हाला सांगत आलो, की शेवटाला डोळ्यांत पाणी आलं. एकदा तुम्ही विचारलंत कुठल्या वाक्याला, तर मी सगळ्याच म्हणालो होतो. मी पहिल्या पानापलीकडे कधी गेलोच नव्हतो. दहा जुड्या वाचल्या त्या आत्ता, पोरांबरोबर. तुमच्याकडचे प्रतींचे गठ्ठे पूर आला त्या साली पाण्यात गेले आणि घरात एकही प्रत उरली नाही, हे मामींकडून आधीच काढून घेतलंय. त्यानंतर तुम्ही पेन हातात धरलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. तर दारात कोण होतं ते रविवारी तुम्ही स्वतः येऊन सांगायचं आहे. आठवत नसेल तर नवीन लिहा, दोन दिवस आहेत.

ता. क. ३ : पत्र देवजीच्या हाती पाठवतोय. त्याला चहा द्या, पण शेवट सांगू नका. मुरबाडपासून डोळखांबपर्यंत तो सगळ्यांना सांगत येईल.

ता. क. ४ : काल मी मनस्वीला खरं काय ते सांगून टाकलं. मला शेवट ठाऊक नाही, लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ते माझे मामा आहेत, मुरबाडला असतात. पुस्तकं लिहिणारी माणसं मुरबाडला असतात, हे तिला खरं वाटेना. मग म्हणाली, "त्यांना सांगा सर, आमी समदे थांबलोय."

रविवारी मुरबाडहून सकाळची पहिली गाडी धरा. तुम्ही पस्तीस वर्षं त्याच स्थानकातून गाड्या सोडल्यात, वेळ मी सांगायला नको. फक्त ही एक मध्ये कुठे हरवू देऊ नका.