कवळगडाचं खिंडार

सोमवार, २ डिसेंबर
पोचले एकदाची! निपाणीहून जीप, मग तीनशे पायऱ्या. गुडघ्यांनी हात टेकले, पण वर येऊन जीव हरखला. डोंगरमाथ्यावर अख्खं जुनं शहर, भोवती दगडी तट, आत वीस-पंचवीस घरं. आठवडाभर तटाचं मोजमाप करायचं, नकाशा काढायचा आणि रविवारी घरी, वडगावला. पाच वर्षांची सौम्या पहिल्यांदाच माझ्याविना राहतेय. निघताना ती रडली नाही, मीच रडले.

वेशीत यल्लव्वा आक्का नावाच्या म्हातारीनं चुन्याची वाटी पुढं केली. आपल्याकडं नवी सून घराच्या भिंतीवर पंजा उमटवते, तसा इथं नव्या बाईनं तटावर उमटवायचा म्हणे. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? उमटवला. छान उठला.

मंगळवार, ३
तट चिरेबंदी आहे, फक्त पायऱ्यांच्या अंगाला ढासळलाय. खिंडार साडेचार मीटर. जेवण आक्कांकडंच. इथल्या साऱ्या बायका उजवा हात पदराखाली ठेवतात, थंडी असेल. माझ्या हाताचा चुना काही निघेना. लिंबू चोळलं, खोबरेल चोळलं.

बुधवार, ४
खिंडार साडेतीन मीटर. टेप दोनदा लावली. गवंडी तर कुठं दिसला नाही. काल माझंच चुकलं असणार, घाईत कामाची माती होते.
उजवी बोटं वळत नाहीत.

गुरुवार, ५
डाव्या हातानं लिहितेय. उजवा कोपरापर्यंत दगड. टाचणी टोचली, काही कळलं नाही. डॉक्टरकडं निघाले, पण वेशीतून पाऊलच बाहेर पडेना. आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हात दिलास न्हवं गं बाई? आता तट सोडतोय व्हय तुला?" त्यांनी पदर बाजूला केला. हात खांद्यापर्यंत दगडाचा चिरा झालेला. त्याही कणकुंबीहून दोन दिवसांसाठीच आलेल्या.
मला भीती वाटतेय. फार.

शुक्रवार, ६
किशनला फोन लावला. नवराच तो, माणसं घेऊन धावत येईल. मला सोडव म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, इथं खूप छान आहे, रविवारी सौम्याला घेऊन वर या.
हे मी बोलले नाही.
तीनदा लावला. तीनदा तेच, हसत हसत. मेसेज लिहिला, तोही तसाच गेला. खरं फक्त या वहीत उतरतंय. पान फाडून तटाबाहेर फेकलं. वाऱ्यानं परत आत—

शनिवार, ७
दगड खांद्यावरून कंबरेपर्यंत उतरलाय. पाय आपोआप खिंडारात येऊन उभे राहिले. माझ्या शेजारी हातभर जागा उरलीय. ती कशानं भरणार, आक्कांना विचारलं. त्या रडायला लागल्या.

रविवार, ८
आले. खालच्या पायरीवर लाल फ्रॉक. किशन मागं राहिलाय— देवा, तिला दम लागू दे, पाय मुरगळू दे—
तिनं मला पाहिलं.
ओरडले, खाली जा, बाबांकडं जा. तोंडातून निघालं, ये गं माझी सोनी, पळत ये.
ती हसली. पळत—