बाद करणाऱ्याचा डबा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवापासून वाटतंय, तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. खो-खोचा सामना संपला की ज्यानं आपल्याला बाद केलं त्याच्याच डब्यातलं खायचं, हा नियम तुम्ही कुठून आणला होता? सोलापूरहून एस्टीनं आपण कधी मोडनिंबला जायचो, कधी टेंभुर्णीला, आणि आम्हा पोरांना खेळापेक्षा त्या डब्याचीच धास्ती जास्त. टेंभुर्णीला शेवटच्या मिनिटाला मी खांबाजवळ बाद झालो आणि आपण हरलो. मी डबा झाकून भिंतीकडं तोंड करून बसलोय. मला बाद करणारा मुलगा भाकरी-चटणी उघडून तसाच थांबलाय. तेवढ्यात तुम्ही येता. "लई मोठा झालास व्हय? ते पोरगं उपाशी बसलंय की तुझ्यापायी!" खाल्लं मी. चटणी इतकी जहाल होती की डोळ्यांतलं पाणी तिच्या नावावर खपून गेलं. परतताना मी विचारलं, "सर, यानं भांडणं मिटतात का?" तुम्ही हसलात. "मिटत न्हाईत रे. पन भांडायचं कुनाशी, त्याचं तोंड तरी दिसतं."

एवढंच होतं का, सर? कारण पुढच्या वर्षी त्याच मुलाशी मी फाउलवरून कडाकडा भांडलो, आणि जेवायला कुणी न सांगता त्याच्याच शेजारी बसलो. देशादेशांचंही असं होत असेल का?

माझी लेक यंदा देशाच्या संघातून खेळली. तुम्ही असता तर नव्या पेठेत पेढे वाटत फिरला असता. शेजारच्या देशाशी सामना होता, त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "पप्पा, मॅच झाल्यावर हात मिळवायचा नाही म्हणून सांगितलंय. पण त्यांच्या मुली किती चांगल्या बोलतात की आमच्याशी. मला मिळवायचाय. काय करू?" मी म्हणालो, "सांगितलंय तसं कर." आपल्या मुली जिंकल्या. टीव्हीवर दिसलं, समोरच्या मुलीनं हात पुढं केला आणि माझी लेक खाली बघत निघून गेली. आमच्या गल्लीत फटाके वाजत होते.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर?" मी देशाबिशाचं काहीतरी मोठंमोठं बोललो. ती ऐकून घेऊन आत गेली. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुमच्यापाशी कबूल करतो. फोनवर बोलताना माझ्या मनात देश नव्हता, सर. तिची संघातली जागा जाईल, एवढीच भीती होती. ती तर हात मिळवायला तयार होती.