सहा चाळीसला पोचलेली बस

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, ताईचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच. तू हॉस्टेलवर होतास तेव्हा मी दर पंधरा दिवसांनी तुला पत्र लिहायचे आणि तू उत्तरात मोजे नाहीतर खाऊ मागायचास. त्यानंतर आजच लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तू दोन मिनिटांत मला हसवून विषय बदलतोस आणि मीही मूर्खासारखी हसते. कागद तुझ्या विनोदांना हसत नाही. मला मागच्या वर्षीच्या वादळाबद्दल लिहायचंय, अण्णांच्या ऑपरेशनच्या त्या आठवड्याबद्दल. तुला आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वय झालंय, हृदय दमलंय, मुलांना आधी भेटून जाऊ दे. मंगळवारच्या विमानानं आपण पाच जणांनी निघायचं ठरलं, तू, तुझी बायको, दोन्ही मुलं आणि मी. मी तुला म्हटलं होतं, या एका खेपेला रीतसर तिकिटं काढ, माझ्या पासवर नको. तू म्हणालास, ताई विमान कंपनीच्या काउंटरवर बसलेली असताना तिकीट काढायला मी काय येडा आहे का. तुझी बायको हसली, मुलं हसली, मीही हसले. पास म्हणजे काय, हे सव्वीस वर्षांत मी तुला शंभर वेळा सांगितलंय. पैसे भरलेला शेवटचा प्रवासी बसला आणि तरी जागा उरली, तरच आमच्यासारख्यांना आणि आमच्या घरच्यांना बोलावतात. एरवी जागा उरतेच, म्हणून तुझी समजूत झाली की ती ताईच्या मर्जीनं उरते. आणि खरं सांगायचं तर सवयीनं मीही माझं नाव पासवरच टाकलं होतं, तेव्हा त्या चुकीत माझाही वाटा आहे.

मंगळवारी दहाला वारा सुटला आणि दुपारपर्यंत धावपट्टी दिसेनाशी झाली. आमच्या विमानतळावर मी पाणी तुंबलेलं पाहिलंय, पण पत्रे उडून विमानाच्या पंखाला अडकलेले कधी पाहिले नव्हते. बोर्डावरच्या सगळ्या ओळी एकेक करून रद्द झाल्या. रेल्वेचे रूळ वाहून गेले होते, त्यामुळे तो रस्ताही बंद. मी रजेवर होते, पण काउंटरवर दोनच मुली होत्या आणि समोर चारशे माणसं, मग मी साध्या कपड्यांवर गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी राहिले ती गुरुवारपर्यंत. तू दर अर्ध्या तासानं रांग ओलांडून यायचास आणि काउंटरवर कोपर टेकवून विचारायचास, ताई, आपलं काय झालं. एकदा तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई पहिल्या नंबरवर होती. तिच्या हातात तिकीट होतं, तिची आईही कुठल्यातरी दवाखान्यात होती. तुझं ते 'आपलं' ऐकून तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी दोन विमानं सुटली. दोन्ही तिकीटवाल्यांनी भरली. ती बाईही गेली, मीच तिला बसवलं. तू तिकिटं काढली असतीस तर तुम्ही चौघं बुधवारी दुपारी अण्णांच्या खाटेपाशी असता. हे मी तेव्हा तोंडातून काढलं नाही. तुझ्या बायकोनं मुलांना घेऊन घरी जायचं ठरवलं आणि जाताना मला ऐकू येईल इतक्या बेतानं म्हणाली की इतकी वर्षं नोकरी करून यांचं इथं काही चालत नाही. तू त्यांच्यासाठी टॅक्सी बघायला बाहेर गेलास.

गुरुवारी सकाळी एकच विमान होतं आणि दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना एक जागा उरली. एकच. पासवाल्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यांच्या वर होतं, नोकरीची वर्षं धरून यादी लागते. गेटवरच्या माझ्या मैत्रिणीनं माझं नाव पुकारलं. बारक्या, तू तिथंच माझ्या शेजारी उभा होतास. तू फक्त बॅग उचललीस. मी तिला म्हटलं, माझं नाव खाली घे, ह्याचं वर घे. तिनं दोनदा विचारलं. मला वाटलं, अण्णांना तूच हवा असशील. लहानपणापासून मी तेच बघत आले होते. अण्णा ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, बारक्या कुठाय. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी असायचे.

पुढचं तुला ठाऊक आहे, म्हणजे तुझ्या बाजूचं. तिकडेही वारा असल्यानं विमान अलीकडच्या शहरात उतरवलं. कंपनीनं पुढच्या प्रवासाला बस लावली, दुपारी एकला निघणारी. तू फोन करून मला ते सांगितलंस आणि मी लगेच आईला कळवलं. आईनं फोन अण्णांच्या कानाला लावला. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. त्यांनी मला विचारलं, घाटातून आणतायत का पुलावरून. मी म्हटलं, घाटातून. ते म्हणाले, मग दोन थांबे धरून साडेसहा. आवाज अगदी ड्यूटीवर असल्यासारखा होता. त्यानंतर तुझा फोन बंद झाला तो शुक्रवारी सकाळपर्यंत.

सहा वाजता अण्णांनी खाट डोक्याकडून वर करायला लावली, दार दिसावं म्हणून. चष्मा पुसून घेतला. सातला ते नर्सला म्हणाले, एखादं चाक बसलं असेल, पावसाळी रस्त्याला खिळे वर येतात. आठला म्हणाले, ड्रायव्हर शहाणा असेल तर पाणी ओसरेपर्यंत गाडी थांबवेल, आपण पण थांबवली असती. आई सांगते, दर अर्ध्या तासाला त्यांनी तुझ्या बसला एक नवी अडचण शोधून दिली. स्वतःच्या गाडीला उशीर झाला तर डेपोत कारण लिहून द्यावं लागायचं, तशी ती कारणं ते देत राहिले. शुक्रवारी आठला त्यांना आत नेलं. तू अकराला टॅक्सीनं पोचलास. साडेअकराला डॉक्टर बाहेर आले.

सगळ्यांना तू सांगितलंस की रस्ता खचला होता, बस अर्ध्यातून परत फिरवली. आई तुझ्या गळ्यात पडून रडली. मी रविवारी पोचले तेव्हा मामा मला म्हणाले, तुझ्या हातात सगळं असून तुला भावाला वेळेवर पोचवता आलं नाही. तू खोलीतच होतास, मुलाच्या शर्टाचं बटण लावत. मी म्हटलं, वादळ होतं मामा. मला तेव्हा खरंच वाटत होतं की वादळच होतं.

तीन आठवड्यांनी वादळातले सगळे कागद माझ्या टेबलावर आले. कुठला प्रवासी कुठं उतरला, त्याला कसं पुढं पाठवलं, कुणाला खोली दिली, हे जुळवायचं काम माझंच असतं. त्यात त्या बसची हातानं लिहिलेली यादी होती. एकतीस नावं, अठ्ठावीस नावांपुढे बरोबरची खूण. तुझ्या नावापुढे खूण नव्हती. तिथं लिहिलं होतं, बसने येण्यास नकार, सकाळच्या विमानाची वाट पाहणार. खाली बस पोचल्याची वेळ होती, सहा चाळीस. आमच्या तिथल्या ऑफिसासमोर, दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटं. अण्णा दहा मिनिटांनी चुकले होते.

आणि यादीला टाचणीनं लावलेली हॉटेलची चिठ्ठी. पासवाल्यांना कंपनी खोली देत नाही, म्हणून तिथल्या माणसानं चिठ्ठीवर माझं नाव आणि माझा नोकरी क्रमांक घातला होता, खाली तुझी सही. म्हणजे तू माझी ओळख सांगून खोली मिळवलीस. सोबत जेवणाचं कूपन होतं, तेही वापरलेलं. मी ते कागद जुळवले, शिक्का मारला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. गेले अकरा महिने मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तू घाबरला असशील, खाटेवरचे अण्णा तुला बघवले नसते, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. तू आजारी माणसापासून लांब पळतोस, हे मला माहीत आहे. पण घाबरलेला माणूस फोन बंद करतो, एखादवेळेस रडतो. तो दुसऱ्याचं नाव सांगून जेवणाचं कूपन मागत नाही रे.

तरी मी गप्प बसणार होते. इतकी वर्षं सगळं पोटात घातलं, त्यात हेही गेलं असतं. पण मागच्या आठवड्यात दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. सकाळी आईचा फोन आला. अण्णांचा चष्मा सापडला म्हणून तिला भरून आलं होतं, आणि बोलता बोलता तिनं सहज सांगितलं की आत नेताना त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, बारक्याला बस सोसत नाही, हे ताईला कसं आठवलं नाही. तिनंच निघायला हवं होतं, ती टपावर बसून पण आली असती. बारक्या, मला आठवायला हवं होतं. ड्रायव्हरचा मुलगा आणि घाट लागला की ओकायचास, अण्णा गाडी कडेला घ्यायचे आणि मी तुझं डोकं धरायचे. त्यांनी रात्रभर नर्सला कारणं दिली, खरं कारण त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते दाराकडे बघत होते ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी, हे आता मला कधीच कळणार नाही. आणि त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला, अण्णांना वर्ष होतंय, आईकडे जमायचंय, चार पास टाकून ठेव, या वेळी तरी वादळ आणू नकोस म्हणजे झालं, आणि पुढे हसरा चेहरा. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. दरवर्षी या महिन्यात आमच्याकडून पाससाठी घरच्यांची नावं लिहून घेतात. काल मी तो फॉर्म भरला आणि तुमची चारही नावं काढून टाकली. मुलांची काढताना हात थांबला, पण काढली. आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी तुझी बस परत फिरली असंच म्हणत राहीन. तुम्ही रीतसर तिकिटं काढून या, मी दार उघडीन, मुलांना जवळ घेईन. मी मात्र विमानानं अलीकडच्या शहरापर्यंत जाणार आहे आणि तिथून दुपारी एकच्या बसनं, घाटातून. त्या बसचं एक तिकीट मी काढलंय.

तुझीच, अजून तरी,
ताई