आरसीवरचं वजन

८ फेब्रु., रविवार
देवगाव रंगारी. सौ.च्या चुलतभावाचं लग्न. नवरदेव साडूच्या जीपमध्ये. म्हणजे दिलीपरावांच्या. जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवून, आरटीओत रीतसर नोंद करून मिरवतात. माझीही जीप त्याच सालची, पण इंजिन गेलेली, चिकलठाण्याला घरामागे उभी. परतताना एसटीत सौ. म्हणाली, "दाजींनी किती हौसेनं केली ना गाडी!" जळलो. वहीत तरी खोटं कशाला लिहू.

१२ फेब्रु., गुरु.
भंगारबाजारातून डिझेल इंजिन आणलं. साडूच्यापेक्षा चांगलं दीडपट मोठं. रशीद मिस्त्री म्हणाला, "बिठा देता, लेकिन पैले आरटीओ में पूछ तो लेते, साब." म्हटलं, बसवा. तीस वर्षं कारखान्यात मशिनी बसवल्या, आता विचारत फिरू?
सौ.ला सांगितलं नाही. आधी दिसू दे.

२० फेब्रु., शुक्र.
गाडी ओढून नेऊन वजनकाट्यावर चढवली, पावती घेऊन आरटीओत. साहेब तरुण, पण नीट बोलला. कंपनीनं गाडीचं वजन ठरवलेलं असतं, तेच आरसी बुकावर. पुढचा अ‍ॅक्सल, ब्रेक, सगळं तेवढ्याच हिशेबानं. इंजिन बदला, पण त्या वजनात राहा. आपलं फार वर गेलं.
म्हटलं, मागचा बाक काढतो, स्टेपनी काढतो.
"काका, भार वाढलाय पुढं आणि तुम्ही काढताय मागून."
रांगेतली माणसं हसली. कान तापले. साडूला हे कळता कामा नये.

२२ फेब्रु., रवि.
कळलं. परवा माझं तोंड पाहून सौ.नं सगळं काढून घेतलं होतं, तिनंच बहिणीला फोनवर सांगितलं. साडू सकाळीच चितेगावहून हजर.
"इंजिन आधी घेतलं अन् वजन मागून इचारलं व्हय, पाव्हणं?"
सौ. हसली. त्याच्यासाठी शिरा. मला एरवी साखर बंद.
मग म्हणाला, "माझं जुनं पेट्रोल इंजिन पडलंय की घरी. तुमच्या गाडीला कंपनीनं तेच दिलं व्हतं. वजनाची भानगडच नाय. घिऊन या."
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. सौ. आधीच म्हणाली, "बरं झालं बाई!"
कंजूष असता तर सोपं होतं. वर हा उदारही.

२ मार्च, सोम.
रशीदनं इंजिन बसवलं. काट्यावर वजन बरोबर आरसीएवढं. तिसऱ्या सेल्फला सुरू झालं. आठ वर्षांनी जीपचा मूळचा आवाज. डोळ्यात पाणी आलं माझ्या, आणि ते त्याच्या इंजिनामुळे आलं म्हणून दिवसभर सौ.वर डाफरत राहिलो. तिचं काय चुकलं होतं?

५ मार्च, गुरु.
उद्या दहाला तपासणी. नव्या इंजिनाच्या नंबराची नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ओढून न्यायची. दुपारी साडूचा फोन. "माझ्याच जीपनं वढू. तेवढाच दोन्ही गाड्यांचा जोडीनं फोटो."
त्याची जीप पास झाली तेव्हा जेमतेम वजनात बसली होती, हे तोच लग्नात सांगत होता. नंतर त्यानं पुढं लोखंडी गार्ड ठोकला, अडकलेली गाडी ओढायची विंच बसवली, टपावर कॅरिअर. आता कसली बसते! आणि साहेब तोच. ती गाडी दारात दिसली की काट्यावर न्यायला लावणार. तिची नोंद अडकली तर त्याची जीप माझ्यासारखीच घरामागे.
त्याच्या ध्यानातच नाही. गार्ड म्हणजे त्याला नटणं वाटतं.
"ट्रॅक्टर आणा," एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो, "या. नऊला निघू."
फोन ठेवला आणि बरं वाटलं. लई दिवसांनी बरं वाटलं. मग नाही वाटलं.
आता संध्याकाळचे सात. तो आठपर्यंत जागा असतो, अजून फोन करता येईल. सौ. आतून विचारते, "सकाळी दाजींना पोहे करू की उपमा?"
म्हटलं, पोहे.