निळ्या कॉस्च्यूमची शिवण

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ओरडतेस, मग मी ओरडते, तुला काहीच ऐकू येत नाही आणि तुमच्या जिन्यावरच्या सगळ्यांना सगळं कळतं. शिवाय तुझ्या शेजारच्या खोलीत आई शिवणाच्या मशीनवर बसलेली असते, आणि तिला यातलं काही कळायला नको. पत्रात काय आहे असं तिने विचारलंच तर सांग की मला बढती मिळाली. मिळालेली नाही, पण इतक्या लिफ्टा दुरुस्त केल्यावर मिळायला हरकत नव्हती.

तर बातमी अशी की पोहण्याच्या क्लबाचं उत्तर आलं. मी नऊ वर्षांची असताना पोहण्याच्या मास्तराने माझ्यावर जे अत्याचार केले, ते गेल्या वर्षी तुला सांगितलं तेव्हा तू कानातलं यंत्र काढून पुसलंस आणि परत पहिल्यापासून सांग म्हणालीस. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि म्हणूनच सांगता आलं. मास्तर तर तुरुंगात गेला. खटल्यात आम्हा चौघी मुलींची नावं झाकलेली होती, त्यामुळे आईपर्यंत काही पोचलं नाही. आता तक्रारी येऊनही ज्यांनी त्याला कामावर ठेवलं, त्या क्लबाकडून आम्हा चौघींना नुकसानभरपाई मिळायची आहे.

आकडा चांगला आहे. त्यात माझी स्वतःची गाडी येईल, मागे हत्यारांचे कप्पे असलेली, आणि मालकाची बोलणी खाणं बंद होईल. पण सोबत एक अट आहे. सही केली की हा विषय कोणाशीही, कधीही बोलायचा नाही, घरच्यांशीसुद्धा. तुझं काय करायचं असं मी आमच्या वकीलबाईंना विचारलं, कारण तू आधीच ऐकलेलं आहेस. ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगितलेलं धरत नाहीत ना, असंही विचारलं. त्या इतक्या हसल्या की बिस्किटाचा चुरा सगळ्या फायलीवर पडला. मग गंभीर होऊन म्हणाल्या की घाईने सही करू नकोस.

खरं सांगू, अट वाचून मला आधी हायसंच वाटलं. आईला सांगायचं की नाही, या एका प्रश्नाने इतकी वर्षं डोकं खाल्लंय. तोंड उघडायची बंदीच आली तर प्रश्नच मिटला. तिचं वय झालंय, ती मजेत आहे, कशाला तिच्या जिवाला घोर लावायचा? बहुतेक मी सही करणार. तुला काय वाटतं ते लिही, पण अक्षर जरा सुधार. मागच्या पत्रातला अर्धा मजकूर मी अंदाजाने वाचला.

तुझ्या मायेची सवय लागली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
लिफ्टवाली

१० मार्च

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

अक्षर सुधारून लिहिते आहे. चष्म्याची काच पुसली, टेबल पुसलं, पेनात शाई भरली. आता वाचता आलं नाही तर दोष तुझ्या डोळ्यांचा.

आधी घरची हालहवाल. तुझ्या आईने माझ्या घराचा कारखाना करून टाकला आहे. जिकडे पाय ठेवावा तिकडे दोरे. काल माझ्या चहात लाल दोरा निघाला. मी दाखवला तर बाईसाहेबांनी तो काढून, हाच रंग शोधत होते म्हणून रिळाला गुंडाळून ठेवला. दोघी म्हाताऱ्या एकत्र राहिलो की एकमेकींना सोबत होते असं कोण म्हणालं होतं, त्याचा पत्ता मला हवा आहे.

आता मुद्द्याचं. परवा आमची शेजारीण तिच्या मुलीच्या फ्रॉकचं कापड घेऊन आली. तुझ्या आईने तोंडावर नकार दिला. मी लहान मुलांचं शिवत नाही, म्हणाली. शेजारीण गेल्यावर मी तिला चांगली फैलावर घेतली, की ही कसली मिजास, मोठ्यांचे झगे चालतात आणि वीतभर फ्रॉक चालत नाही. ती सुईत दोरा ओवत बसली. मग मान वर न करता म्हणाली की तिच्या हातचं मुलांना टोचतं.

मी म्हटलं, असं कोण म्हणालं. तर म्हणाली, मासोळी. तुला तिने पोहायला निळा कॉस्च्यूम शिवला होता, आठवतो? तू एक दिवस अडून बसलीस की तो टोचतो, मी जाणार नाही. तिने काखेतली शिवण उसवून परत घातली. तरी टोचतो. मग इलॅस्टिक बदललं, आतून मऊ पट्टी लावली. तरी तू रडलीस, आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. एवढं पाण्यात रमणारं पोर माझ्या एका वाकड्या शिवणीपायी पाण्याला मुकलं, असं ती म्हणाली. त्यानंतर तिने मुलाबाळांच्या कापडाला कात्री लावली नाही. त्या कॉस्च्यूमचं काय केलं ते तुला माहीत आहे का? त्याची टाचण्या खोचायची उशी केली. ती निळी उशी तिच्या मशीनशेजारी इतकी वर्षं मी रोज बघते आहे.

तुझं पत्र खिशात होतं, आणि मी काही बोलले नाही. रात्री मात्र मला खूप रडू आलं, हे तुला सांगून टाकते. सही कर किंवा करू नकोस, मी दोन्हीकडून तुझीच आहे, आणि गाडी घेतलीस तर पहिली फेरी माझी. पण ती मजेत आहे असं जे तू लिहिलंस, तेवढं खोडून टाक.

आणखी एक. मासोळी म्हणणं मी बंद करावं का? पोहण्यावरूनच ठेवलं होतं ते नाव. इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही. सांगशील तसं करीन.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त पत्रं वाढव.

तुझी,
मावशी

२१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून वाचलं. हाताखालचा माणूस खालून हाका मारत राहिला. तो कॉस्च्यूम कधीच टोचला नव्हता गं. इतका बेताचा बसायचा की बाकीच्या मुली हात लावून बघायच्या. त्या वयात मला दुसरा शब्दच माहीत नव्हता. काहीतरी टोचतंय एवढंच कळत होतं, आणि शिवणारी आई असली की टोचण्याचं खापर शिवणीवरच फुटतं.

काल क्लबाच्या वकिलांकडे बैठक होती, सहाव्या मजल्यावर. मी नाही म्हणायचं ठरवून गेले होते, पण धीर होत नव्हता. आमच्या वकीलबाई आधीच वर पोचल्या होत्या. मी लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग क्लबाचे वकील शिरले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. आवाजावरूनच मला कळलं की दाराचा खटका नीट बसला नाहीये, घाबरण्यासारखं काही नाही. मी घंटी दाबली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. वकीलसाहेबांना मात्र घाम फुटला. टाय सैल केला, भिंत धरली, आणि मला म्हणाले की प्लीज काहीतरी बोला, बोलत राहा, गप्प राहू नका. मी त्यांना म्हटलं की साहेब, आधी नक्की ठरवा, कारण वरच्या कागदात तुम्ही मला जन्मभर गप्प राहायला सांगितलं आहे.

हसले नाहीत, पण माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग मीच त्यांना लिफ्टबद्दल सांगत राहिले, दोर किती असतात, एक तुटला तरी बाकीचे कसे धरतात. सुटका होईपर्यंत माझा धीर परत आला होता.

वर गेल्यावर मी सांगितलं की अट काढा, नाहीतर उघड सुनावणी होऊ दे. माझी आई इतकी वर्षं तुमच्या मास्तराचा गुन्हा आपल्या नावावर घेऊन बसली आहे, तो मला तिच्याकडून परत घ्यायचा आहे. बाकीच्या तिघीही माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. पुष्कळ घासाघीस झाली, ते उठून आत गेले, परत आले. अट गेली. आकडा खाली आला, आणि मला क्लबाकडून लेखी माफी हवी होती, तीही मिळणार. गाडी जुनी घ्यावी लागेल. पहिल्या फेरीत तुला ढकलावी लागली तर कुरकुर करू नकोस.

रविवारी येते. आईला सगळं सांगणार आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मला कधी भीती वाटत नाही, तुमचा जिना चढायची वाटते आहे. तू खोलीतच बस, आणि यंत्र कानात घाल, ड्रॉवरमध्ये नको.

मासोळी म्हणणं अजिबात बंद करायचं नाही. नाव तू ठेवलं आहेस, त्या मास्तराचा त्यात काही वाटा नाही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
मासोळी

२८ मार्च

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

रविवारी तू गेलीस तेव्हा चेहरा एवढासा झाला होता. इतकं सगळं सांगितलंस, आणि तुझ्या आईने विचारलं काय, तर मग कॉस्च्यूम टोचत नव्हता का. तू नाही म्हणालीस, तर उठून मशीनवर जाऊन बसली आणि पाय मारायला लागली. तुला वाटलं असेल की तिने पाठ फिरवली. तू होतीस तिथून दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मशीनखाली कापडच नव्हतं. तू गेल्यावरही ती तशीच नुसती मशीन चालवत राहिली, आणि मी यंत्र कानातून काढलं नाही.

दोन दिवस तेच चाललं. आज सकाळी माझ्याकडे कागद मागितला. या बाईने जन्मात पत्र लिहिलेलं नाही, आई आशीर्वाद सांगते एवढं माझ्याकडून लिहवून घ्यायची. तिचा कागद सोबत जोडते आहे. मी वाचलेला नाही. थोडासा वाचला.

मी आहेच, आणि लोभही.

तुझी,
मावशी

चि. मासोळीस आईचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. तू सांगितलंस आणि मी शिवणीचं विचारलं, त्याचा राग धरू नकोस. माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. मला वाटत होतं, चूक माझ्या शिवणीचीच असती तर किती बरं झालं असतं. शिवण उसवता येते.

तू टोचतंय म्हणालीस, ते खरंच म्हणालीस. मी चुकीच्या जागी बघत राहिले. आता मला त्या माणसाचा आणि क्लबाचा राग येतो, इतका की सुई ओवता येत नाही. मावशी ओवून देते, आणि बोलते फार.

शेजारणीला फ्रॉकचं कापड परत आणायला सांगितलं आहे. निळ्या उशीतल्या टाचण्या सगळ्या काढून डबीत टाकल्या. त्या कापडाने काय केलं होतं?

तुझं आत्ताचं माप पाठव. पोहायला जा असं मी म्हणत नाही. शिवून ठेवते, तुझी मर्जी.

घरी ये. येताना उपाशी ये.

आई