फोटोतला चौथा

४ जून

ति. काकांना,
सा. न. वि. वि.

चित्र सोबत पाठवते आहे. तुमच्या त्या इवल्याशा काळ्यापांढऱ्या फोटोवरून तुम्हा तिघा शिपायांना नदीकाठी कपडे वाळत घालताना रंगवलंय. तीन महिने मीही त्या नदीवरच राहिले म्हणा ना! लढाईवर निघालेली माणसं अशी खुशाल कशी हसतात? आणि तुमच्या डोक्यावर चक्क केस! फोटोच्या खालच्या कडेला काळा डाग होता, तो काढून स्वच्छ वाळू केली.

आवडलं नाही तरी लोभ असू द्या.

तुमची
खारूताई

१५ जून

चि. खारूताईस
अनेक आशीर्वाद.

चित्र पोचलं. काकूने विचारलं, हा देखणा कोण? पिकतं तिथे विकत नाही ते असं.

पण बाळ, तो डाग नव्हता. तो आमचा लंबू. कॅमेरा त्याचा, म्हणून फोटो त्याने काढला. ऊन त्याच्या पाठीशी होतं, सावली आमच्या पायांपर्यंत आली. मग मी त्याचा काढणार, तर रीळ संपलं. उद्या काढू म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लंबू राहिला नव्हता. त्याचे घरचे फोटो पुरात गेले, आणि हल्ली मला त्याचा चेहराच आठवत नाही. रागावलो नाही गं. पण चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. त्याला परत आणता येईल का?

लोभ आहे तसाच आहे.

काका

९ जुलै

ति. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंग घेऊन फोटो पुन्हा पाहिला. दोन्ही कोपरं बाहेर, एक कान टोपीबाहेर. नवा कॅनव्हास ताणला आणि आधी त्यालाच रंगवलं. तुम्ही तिघं नंतर आलात. त्या सावलीत वाळूचा पिवळा मिसळला, नदीचा निळाही. चेहरा मात्र मला देता आला नाही, माफ करा.

रागाइतकाच लोभ करा.

खारूताई

२८ जुलै

चि. खारूताईस
अनेक आशीर्वाद.

कोपरं पाहून हसूच फुटलं. प्रत्येक दाराला ती आपटायचा. मग रडूही आलं, तुझ्यापासून काय लपवायचं!

चित्र दारासमोरच्या भिंतीवर, अगदी खाली टांगलंय. मांजराला दाखवायचंय का, असं काकू विचारते. संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आत येतं, तेव्हा मी उंबऱ्यात जाऊन उभा राहतो. माझी सावली वाळूवर पडते, बरोबर त्याच्या शेजारी. रीळ संपलं होतं, तरी आमचा दोघांचा फोटो निघाला बघ.

लोभ आहेच. आता तो दोघांचा समज.

काका